ताळेबंदात आपत्तीचा रकाना हवा

दरवर्षी मार्चअखेर आली की आम्ही व्यापारी मंडळी दुकानातला माल मोजतो. ताके किती, गाठी किती, उधारी किती अडकली, कोणाचे देणे राहिले, याचा पै-पैचा हिशेब मांडतो. ज्यांच्यावर जकात फर्ज आहे ते रमझानमध्ये पुन्हा एकदा मालाची किंमत काढतात. एवढा चोख हिशेब ठेवणाऱ्या आमच्या समाजाला एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. उद्या पहाटे चार वाजता दुकानात पाणी शिरले, कारखान्याला आग लागली किंवा मोहल्ल्यात साथ आली, तर काय करायचे, कोणी करायचे आणि कशाच्या बळावर करायचे, याचा हिशेब आपल्यापैकी किती जणांनी मांडला आहे?

उत्तर कटू आहे. फारच थोड्यांनी मांडला आहे. आणि हे आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. आम्ही स्वतः तीस वर्षांहून अधिक काळ कापडाच्या धंद्यात आहोत आणि २०२१ च्या जुलैमध्ये आमच्या गाफीलपणाची किंमत आम्ही मोजली आहे. आमचे जे नुकसान झाले त्याचे दुःख कमी आहे. आमच्या शब्दावर विसंबून दुसऱ्या एकाने जी किंमत मोजली, त्याचे दुःख अधिक आहे. म्हणून हा लेख.

ईदची रात्र

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचे कापडाचे दुकान आहे. चिपळूण म्हणजे वाशिष्ठी आणि शिव या नद्यांच्या काठचे गाव. पावसाळ्यात बाजारात पाणी येणे आम्हाला नवे नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवसांत चिपळूणही बुडाले होते. त्या वेळी पाणी जेथवर चढले तेथे आम्ही दुकानाच्या खांबावर तेलरंगाने रेघ ओढून ठेवली होती. पुढे सोळा वर्षे ती रेघ आमचा कायदा झाली. महागडा माल रेघेच्या वर, स्वस्त माल रेघेच्या खाली. नवीन रॅक बनवले तेही त्या रेघेचे माप घेऊन.

२१ जुलै २०२१ रोजी बकरी ईद होती. कोरोनाच्या निर्बंधांमुळे धंदा आधीच मंद होता. ईदसाठी भरलेला बराच माल तसाच पडून होता. दिवसभर पाऊस कोसळत होता. रात्री आम्ही दुकानाकडे एक चक्कर टाकली, तेव्हा शेजारच्या गाळ्यात शिलाईकाम करणारा एक तरुण कारागीर दिवा लावून उभा होता. त्याच्या तीन मशिनी होत्या आणि गिऱ्हाइकांचे शिवायला आलेले कपडे होते. त्याने विचारले, "चाचा, मशिनी वर चढवू का?" आम्ही आमच्या रेघेकडे बोट दाखवले आणि म्हणालो, "अरे, २००५ ला पाणी इथवर आले होते. तुझे टेबल त्याच्या वर आहे. घरी जा, ईद आहे." तो घरी गेला.

पहाटे वाशिष्ठीचे पाणी बाजारात शिरले आणि चढतच राहिले. आमची रेघ कधी बुडाली ते कळलेही नाही. बाजारपेठेत काही ठिकाणी पाणी वरच्या मजल्याला भिडले. वीज गेली, फोन बंद पडले. लोक गच्चीवर आणि पत्र्यावर बसून राहिले. एका कोविड रुग्णालयात पाणी शिरले आणि तेथील काही रुग्ण दगावले. त्याच २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली.

पाणी ओसरल्यावर दुकानाचे शटर उघडले तेव्हा आत गुडघाभर गाळ होता. कापडाच्या व्यापाऱ्याला सांगायला नको, भिजलेला ताका एक वेळ वाळवता येतो, पण गाळ शिरलेला ताका दोन दिवसांत कुबट होतो आणि चिंधीच्या भावातही जात नाही. आमची उधारीची वही, जी आम्ही आमच्या उर्दू हस्ताक्षरात लिहीत होतो, ती लगदा होऊन गल्ल्यात पडली होती. साडेतीन लाखांची उधारी त्या लगद्यात होती. त्यातली निम्मी आठवणीने आणि गिऱ्हाइकांच्या ईमानदारीने वसूल झाली, अल्लाहचे शुक्र आहे.

पण त्या तरुणाचे काय? तिन्ही मशिनी गाळात गेल्या. मोटारी जळाल्या. गिऱ्हाइकांचे कपडे गेले, त्यात एका लग्नघरचे जोडे होते. त्याने कर्ज काढून ते भरून दिले. आज तो मुंबईत दुसऱ्याच्या कारखान्यात नगावर शिवतो. आम्ही त्याची माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, "जाऊ द्या चाचा, नशीब होते." तो मोठ्या मनाचा आहे. पण आम्हाला ठाऊक आहे की ते नशीब नव्हते. मशिनी वर चढवायला दोन माणसे आणि अर्धा तास पुरला असता.

जुन्या रेघेचा भरवसा नको

आमची चूक कोठे झाली? आम्ही मागच्या संकटाला पुढच्या संकटाचे माप समजलो. सोळा वर्षांत नदीत गाळ साचला होता. काठावर बांधकामे वाढली होती. कोयना प्रकल्पात वीज तयार करून सुटणारे पाणी वाशिष्ठीतच येते, आणि खाडीला भरती असली की नदीचे पाणी उतरायला जागा मिळत नाही. अतिवृष्टी, साचलेला गाळ आणि भरती एकत्र आली की जुनी रेघ कागदावरची राहते. या गोष्टी गावात सर्वांना ठाऊक होत्या, आम्हालाही. पण त्या आम्ही दुकानाच्या रॅकशी जोडून पाहिल्या नाहीत. पुरानंतर नागरिकांनी आंदोलन केले आणि २०२२ मध्ये नदीतला गाळ काढण्याचे काम सुरू झाले. हेच आंदोलन पुराच्या आधी झाले असते तर?

हे केवळ चिपळूणचे नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीकाठचे सुरत बुडाले, तेव्हा तेथील कापड व्यापाऱ्यांचा माल असाच सडला. २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूर पाण्यात होते. प्रत्येक गावच्या व्यापाऱ्याच्या तोंडी एकच वाक्य होते की एवढे पाणी येईल असे वाटले नव्हते.

हातावर हात ठेवणे म्हणजे तवक्कुल नव्हे

आपल्यात काही सज्जन असे आहेत की त्यांच्यासमोर तयारीचा विषय काढला की ते म्हणतात, जे तकदीरमध्ये आहे ते होणारच. त्यांच्या ईमानाबद्दल आम्हाला आदर आहे. परंतु उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधायला सांगितले, हे आपण मकतबपासून ऐकत आलो आहोत. हजरत यूसुफ (अ.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळाच्या सात वर्षांसाठी धान्य साठवून ठेवले. आपत्तीची तयारी म्हणतात ती हीच. साथीच्या बाबतीत तर शिकवण अगदी स्पष्ट आहे. जेथे साथ आहे तेथे जाऊ नये आणि साथीच्या ठिकाणी असाल तर तेथून पळू नये. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर असताना पुढे प्लेगची साथ आहे हे कळताच मागे फिरले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे त्यांना विचारले गेले, तेव्हा त्यांनी सांगितले की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. ज्या उम्मतीकडे एवढी शिकवण आहे तिने गाफील राहावे, याला तवक्कुल म्हणता येणार नाही.

धावून जातो, पण नंतर

आमचा समाज संकटात मागे राहतो, असे कोणी म्हणू शकणार नाही. इचलकरंजी हे आपल्याच कापड धंद्याचे गाव. तेथील मुस्लिम समाजाने २०२० च्या रमझानमध्ये ३६ लाख रुपये जमवून आयजीएम रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. तो सर्व जातीधर्मांच्या रुग्णांसाठी होता. त्याच वर्षी भिवंडीत एका मशिदीत ऑक्सिजनची सोय करून रुग्णांना मोफत सेवा दिली गेली. चिपळूणच्या पुरातही मशिदींतून आणि घराघरांतून जेवण गेले, आणि खाणाऱ्याचा धर्म कोणी विचारला नाही. आमच्या दुकानातला गाळ उपसायला जी मुले आली त्यांतली निम्मी आमच्या समाजाची नव्हती. हेही लिहून ठेवले पाहिजे.

पण जी मदत आली तिचा हिशेब व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिला तर मन खिन्न होते. जुन्या कपड्यांचे ढीग आले, जे कोणी नेसले नाहीत आणि शेवटी तेही कचऱ्यात गेले. बिस्किटांचे पुडे एकेका गल्लीत तीन-तीनदा वाटले गेले आणि आतल्या वाडीत एकदाही पोहोचले नाहीत. ज्याची खरी गरज होती ते म्हणजे पाणी उपसायचे पंप, फावडी, रबरी बूट, ब्लीचिंग पावडर, लहान मुलांचे दूध, मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे. ती शोधत फिरावे लागले. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस आहे, कोणत्या घरी बाळंतीण आहे, याची यादी कोणाकडेच नव्हती. दानत होती, व्यवस्था नव्हती. नुकसान झाल्यावर दिलेला हजार रुपया जेवढे काम करतो, तेवढे काम आधी खर्चलेले शंभर रुपये करतात. हा हिशेब व्यापाऱ्याला दुसऱ्याने शिकवावा लागू नये.

कुलूपबंद कारखाने

पूर सांगून तरी येतो. आग सांगून येत नाही. आणि आमच्या धंद्याइतका आगीला जवळचा धंदा दुसरा नसेल. सूत, चिंधी, फोम, रेक्झिन, पुठ्ठा, सगळे जळाऊ. ८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीत अनाज मंडी भागातल्या कारखान्याला पहाटे आग लागली आणि ४३ कामगार गेले. बहुतेक झोपेत होते. खिडक्यांना जाळ्या होत्या, जिन्यात माल भरलेला होता. १८ मे २०२५ रोजी पहाटे सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. त्यात मालक होता, त्याच्या घरची माणसे होती, लहान मूल होते. कारण राहणेही तेथेच होते.

हे वाचून प्रत्येक मालकाने आपल्या कारखान्याचा जिना डोळ्यांसमोर आणावा. त्यात गाठी ठेवल्या आहेत काय? रात्री कारागीर आत झोपतात तेव्हा बाहेरून कुलूप लागते काय? लावले जाते, चोरीच्या भीतीने. आम्ही अशा मालकांना ओळखतो, आणि ते वाईट माणसे नाहीत. पण दहा ताक्यांच्या चोरीच्या भीतीने दहा माणसांना कोंडून ठेवणे हा कोणत्या हिशेबात बसणारा सौदा आहे? दर शुक्रवारी नमाजला जाण्यापूर्वी जिना मोकळा आहे का, वायरी उघड्या आहेत का, आग विझवण्याचे सिलिंडर भरलेले आहे का, एवढे पाहायला दहा मिनिटे लागतात. मुदत संपलेले सिलिंडर भिंतीवर टांगणे म्हणजे स्वतःलाच फसवणे.

आणि राहत्या इमारतींचे काय? २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे भिवंडीत तीन मजली जिलानी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. त्यात कितीतरी लहान मुले होती. आपल्या गावातल्या कित्येक इमारतींना धोकादायक असल्याच्या नोटिसा येतात आणि त्या दाराच्या मागे लटकत राहतात. भाडेकरूला भीती असते की एकदा बाहेर पडलो तर परत जागा मिळणार नाही, आणि ती भीती खोटी नाही. पण या प्रश्नावर एकटा भाडेकरू काय करणार? जमातीने वकील देऊन, भाडेकरूचा हक्क लेखी करून घेऊन, कुटुंबांची तात्पुरती सोय लावून त्यांना बाहेर काढले पाहिजे. दफनासाठी जी गर्दी जमते तिच्यातले दहा जण आधी जमले तर दफनाची वेळ येत नाही.

साथ आणि अफवा

१९९४ च्या सप्टेंबरमध्ये सुरतेत प्लेगची बातमी पसरली तेव्हा आम्ही पंचविशीत होतो आणि वडिलांच्या हाताखाली सुरतेचा माल आणत होतो. चार दिवसांत लाखो माणसे मिळेल त्या गाडीने सुरत सोडून गेली. मागचे कारखाने ओस पडले, आमचा माल महिनोन्महिने अडकला. मेलेल्यांचा आकडा शंभराच्या आत होता, पण भीतीने जे नुकसान केले त्याला मोजमाप नाही. त्याच सुरतेत पुढच्या वर्षी एस. आर. राव हे आयुक्त आले, रोजच्या रोज कचरा उचलला जाऊ लागला आणि शहराची गणना देशातल्या स्वच्छ शहरांत होऊ लागली. साथ जाईपर्यंत दुआ करणे आणि साथ गेल्यावर गटार तसेच ठेवणे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

एप्रिल २०२० मध्ये मालेगावात कोरोना शिरला, यंत्रमाग थांबले आणि रोजंदारीवरचा कारागीर उपाशी बसला. त्या काळात रोगाइतकेच अफवांनीही माणसे मारली. इस्पितळात गेला तो परत येत नाही, असे लोक म्हणत आणि दम लागेपर्यंत घरी थांबत. जेथे मोहल्ल्यातले डॉक्टर आणि इमामसाहेब एकत्र बसून बोलले, तेथे लोकांनी ऐकले. कारण माणूस ओळखीच्या तोंडाचे ऐकतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली, भिवंडी आणि मालेगावातही पोहोचली. त्यात बालके दगावली. गोवराची लस सरकारी केंद्रात फुकट मिळते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. फुकटची लस राहून गेल्याने घरातले मूल जावे, आणि ती घरे बहुतांशी आपल्या कारागिरांच्या वस्तीतली असावीत, याची लाज आपण बाळगली पाहिजे. परगावी कामाला जाणाऱ्या कारागिराच्या मुलाचा डोस हमखास चुकतो. मालकाने पगाराच्या दिवशी एवढेच विचारावे की मुलाचे लसीचे कार्ड कुठे आहे?

पुरानंतरची साथ हा वेगळाच विषय आहे. गाळात अनवाणी उतरू नये, कारण उंदरांच्या मुतामुळे पाण्यात मिसळलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. गाळ तुडवल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या तर घरगुती उपाय करत बसू नये, डॉक्टरकडे जावे. पुरात उतरलेल्यांनी प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात का, हेही डॉक्टरलाच विचारावे. पाणी खळखळून उकळून प्यावे. जुलाब सुरू झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहावे. एवढे प्रत्येक घरातल्या आईला आणि आजीला पाठ असावे.

कागद आणि विमा

पुरानंतर आम्हाला आणखी एक धडा मिळाला. शासनाने पंचनामा झालेल्या दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार रुपये अशी मदत ठरवली. आमचे नाव यादीत आले, कारण परवाना आणि जीएसटीचे कागद घरी पेटीत होते. तो शिलाईवाला, चपला शिवणारा, हातगाडीवर कापड विकणारा, यांच्यापैकी अनेकांकडे कागदच नव्हते, किंवा होते ते वाहून गेले. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, मराठी बाजारात आणि ग्राहकांकडून शिकलो, म्हणून अर्ज लिहिता आला. कित्येकांना तोही दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागला आणि मुदत टळून गेली. प्रत्येक कारागिराने उद्यम नोंदणी करावी. ती ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. मशिनींची पावती नसेल तर निदान फोटो काढून ठेवावेत. सर्व कागदांचे फोटो परगावच्या एखाद्या नातेवाइकाच्या मोबाइलमध्येही पाठवून ठेवावेत. उधारीच्या वहीचा फोटो दर शनिवारी काढावा. आमची वही वाचली असती ती एवढ्यानेच.

विम्याचा प्रश्न नाजूक आहे. त्याबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत, आणि आम्ही कापड विकणारे, फतवा देणारे नव्हे. ज्याने त्याने आपल्या भरवशाच्या आलिमला विचारावे. पण विचारावे तरी. कारण आम्ही पाहतो की पुष्कळ जण शरीअतचे कारण सांगतात आणि मनात मात्र हप्ता वाचवण्याचा हिशेब असतो. माहितीसाठी एवढे सांगतो की १ एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी आली आहे. एका ठिकाणची पाच कोटींपर्यंतची मालमत्ता तीत बसते आणि आग, पूर, भूकंप हे धोके तीत येतात. ज्यांना विमा पटत नाही त्यांनी बाजारातल्या वीस-पंचवीस दुकानदारांनी मिळून परस्पर मदतीचा निधी उभारावा आणि त्याचा लेखी हिशेब ठेवावा. विमाही नको आणि निधीही नको, असे म्हणणाऱ्याने मग संकटानंतर दुसऱ्याच्या दारात जाऊ नये. पण तो जातोच, आणि आपण त्याला नाही म्हणत नाही.

मोहल्ल्याची समिती

काही जण म्हणतील, हे सरकारचे काम आहे. बरोबर आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते, जिल्ह्याचा आराखडा असतो. आमच्या वस्तीचे त्यात काय ठरले आहे, निवाऱ्याची शाळा कोणती, होडी कोठून येणार, हे आपण लेखी विचारले पाहिजे. तो आपला हक्क आहे. पण पाणी चढते त्या पहिल्या तासात सरकार पोहोचत नाही, शेजारी पोहोचतो. म्हणून आमची सूचना अशी आहे.

प्रत्येक मोहल्ल्यात, मशिदीच्या जमातीच्या पुढाकाराने, दहा-बारा जणांची कायमची समिती असावी. त्यात एक डॉक्टर किंवा औषध दुकानदार, एक वायरमन, एक गाडीवाला, पोहता येणारी दोन मुले आणि निदान तीन स्त्रिया असाव्यात. स्त्रियांबद्दल आम्ही मुद्दाम लिहितो. दिवसा आम्ही दुकानात असतो आणि घरी त्याच असतात. मेन स्विच कोठे आहे आणि गॅसची टाकी कशी बंद करून बांधावी, हे ज्या घरातल्या बाईला ठाऊक नाही, ते घर तयार नाही. शेजारच्या हिंदू वस्तीतले, बाजार संघटनेतले दोघे-तिघेही समितीत घ्यावेत. पाणी गल्ली पाहून शिरत नाही.

समितीकडे म्हाताऱ्या, अपंग, गरोदर आणि एकट्या राहणाऱ्यांची यादी असावी आणि ती दर पावसाळ्याआधी नवीन करावी. एक पंप, दोन जाड दोर, विजेऱ्या, एक स्ट्रेचर, ब्लीचिंग पावडर आणि प्रथमोपचाराची पेटी मशिदीच्या वरच्या मजल्यावर ठेवावी, तळमजल्यावर नव्हे. प्रशासनाचा इशारा आला की तो मशिदीच्या भोंग्यावरून उर्दूत आणि मराठीत वाचून दाखवावा, आणि प्रशासनाने दिलेला इशाराच वाचावा, मोबाइलवर फिरणारा नव्हे. ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमनासाठी १०१ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे आकडे प्रत्येक दुकानाच्या शटरच्या आतून मोठ्या अक्षरांत रंगवावेत. वर्षातून एकदा, मे महिन्यात, रंगीत तालीम करावी. मुलांना मजा वाटेल, मोठ्यांना हसू येईल. येऊ द्यावे.

पैसा कोठून येईल? जकातीचे मसरफ ठरलेले आहेत, म्हणून हा खर्च लिल्लाह आणि सदक्यातून करावा. आमच्यासारख्या मध्यम दुकानदाराने महिन्याला शंभर रुपये दिले आणि अशी पन्नास दुकाने असली, तर वर्षाचे साठ हजार होतात. तेवढ्यात वर लिहिलेले सर्व सामान येऊन पैसे उरतात. एका लग्नाच्या मंडपाचा खर्च याहून जास्त असतो.

आम्ही आमच्या खांबावरची २००५ ची रेघ पुसली नाही. तिच्या पुष्कळ वर २०२१ ची दुसरी रेघ ओढली आणि त्या रेघेच्याही वर एक फळी ठोकली. तिच्यावर काही ठेवत नाही. पावसाळ्यात जोराचा पाऊस लागला की संध्याकाळी शेजारच्या गाळ्यांत जाऊन सांगतो, माल वर घ्या, मशिनी वर घ्या, हात लागला तर हाक मारा. दहापैकी नऊ वेळा पाणी येत नाही आणि लोक आम्हाला हसतात. हसोत. त्या तरुणाला आम्ही निरोप पाठवला आहे की गाळा रिकामा आहे, एका मशिनीचे आम्ही पाहू, परत ये. त्याने अजून हो म्हटलेले नाही. इन्शाअल्लाह तो येईल. पण तो आला काय किंवा न आला काय, त्याच्या जागी उद्या तुमच्या शेजारचा कोणी उभा राहून विचारील, चाचा, मशिनी वर चढवू का? बंधूंनो, त्या वेळी रेघेकडे बोट दाखवू नका. उठा आणि मशिनीचे दुसरे टोक धरा.